खोली न तापवणारा गेमिंग पीसी: प्रोसेसर कसा निवडायचा

आमचं घर ठाण्यात, वर्तकनगरला. गेमिंग पीसी ठेवलाय दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये, कपाट आणि खिडकीच्या मधल्या सांदीत. पहिला पीसी असेंबल करून घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, एकदाच घेताय ना, मग वरचाच घ्या." घेतला वरचाच. मे महिन्यातल्या एका रात्री नवीन गेम सुरू केला, पडद्यावर शेडर (गेममधलं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असल्याची पट्टी सरकायला लागली आणि टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस केकाटायला लागला. आई झोपेतून उठून आली. "अरे, फ्रिजचं दार उघडं राहिलंय का?" गेम अजून सुरूही झाला नव्हता. ग्राफिक्स कार्ड निवांत बसलं होतं. प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे त्यातले प्रत्यक्ष काम करणारे भाग, एकदम कामाला लागले आणि तेवढ्यानेच यूपीएसने हात टेकले.

त्या प्रकरणातून जे शिकलो ते गेल्या वर्षी कोपरखैरण्याच्या भाच्याला पहिला पीसी घेताना कामी आलं. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे ओळीने लिहितोय. पहिल्यांदाच पीसी घेणाऱ्यासाठी आहे, त्यामुळे जाणकारांनी काही परिच्छेद ओलांडून गेलात तरी चालेल.

पहिलं काम: वीजबिल समोर ठेवा

प्रोसेसरच्या आधी बिल. कारण 'कमी वीज खाणारा प्रोसेसर' म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात बचत येते, आणि ती किती हे कोणी मोजत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत बहुतेकांना महावितरणचं बिल येतं, कळवा-मुंब्र्याकडे टोरंटचं. घरगुती बिलात युनिटचे टप्पे असतात: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्याचा दर आधीच्यापेक्षा चढा. त्यात वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क मिळवा. पीसीचा हिशोब सरासरी दराने करू नका. पीसी हा जादा खर्च आहे, त्यामुळे तो तुमच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने पडतो. उन्हाळ्यात एसी चालू असेल तर तुम्ही आधीच ३०० च्या पुढे गेलेले असता, म्हणजे गेमिंगचं प्रत्येक युनिट महागातलं.

आता गणित. दोन प्रोसेसर घ्या: एक गेममध्ये ६० वॉट घेतो, दुसरा १४०. फरक ८० वॉट. रोज चार तास, महिन्याला १२० तास खेळलात तर ९.६ युनिट. सगळं धरून युनिट १२ रुपयांना पडतं असं समजू. तुमचा आकडा बिलातून काढा. झाले ११५ रुपये. वर्षाला चौदाशेच्या आत.

एवढंच? हो, एवढंच. दोन प्रोसेसरच्या किमतीत पाच-सात हजारांचा फरक असेल तर नुसत्या बिलाच्या बचतीतून तो भरून यायला चार-पाच वर्षं जातील. त्यामुळे 'बिल वाचतं' म्हणून महागडा प्रोसेसर गळ्यात मारणाऱ्याला हे गणित तिथेच करून दाखवा.

मग कमी वॉटचा आग्रह कशासाठी? उष्णतेसाठी. प्रोसेसरने घेतलेला प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊन खोलीत येतो, त्यातून सुटका नाही. कूलर भारी असला तर प्रोसेसर थंड राहील. खोली तितकीच तापेल. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता टाकतो. म्हणजे १०० वॉट जादा खाणारा प्रोसेसर म्हणजे बंद खोलीत आणखी एक माणूस चार तास बसवून ठेवणं. पुण्याला डिसेंबरात हे सुखाचं वाटेल. आपल्याकडे खाडीच्या दमट हवेत, ऑक्टोबर हीटमध्ये, नुसत्या पंख्यावर नाही वाटत. एसी असेल तर ही उष्णता बाहेर फेकायला तो साधारण १०० वॉटमागे आणखी ३० वॉट घेतो. ऐरोली-महापे पट्ट्यात जी डेटा सेंटर उभी राहिलीत, त्यांची डोकेदुखी हीच आहे, फक्त मापं वेगळी.

आणि दुसरं कारण यूपीएस. देखभालीसाठी वीज जाते, पावसाळ्यात झाडाची फांदी पडून जाते. प्रोसेसर हलका असेल तर लहान यूपीएस, लहान एसएमपीएस (पीसीच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा), साधा कूलर आणि मधल्या किमतीचा मदरबोर्ड पुरतो. खरी बचत इथे, खरेदीच्या दिवशीच होते. बिलातली नंतरची.

दुसरं काम: काय खेळणार आणि कशावर

भाचा म्हणाला, "मामा, सगळंच खेळणार." सगळंच कोणी खेळत नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे प्रोसेसरवर ताण देणारे गेम. शहरं वसवण्याचे, विमानं उडवण्याचे, कारखाने उभारण्याचे गेमही तसेच. सायबरपंक २०७७ सारखा गेम सगळे दिवे लावून, मोठ्या रिझोल्यूशनवर खेळलात तर भार ग्राफिक्स कार्डावर जातो आणि प्रोसेसर बराच वेळ वाट बघत बसतो.

मॉनिटर १०८०पी रिझोल्यूशनचा आणि १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) असेल तर मधल्या फळीतला सहा कोअरचा प्रोसेसर बास. १४४०पी किंवा ४के असेल तर प्रोसेसर आणखी कमी महत्त्वाचा, पैसे कार्डात घाला. २४० हर्ट्झच्या पुढचा मॉनिटर घेऊन स्पर्धात्मक खेळणार असाल तरच वरच्या श्रेणीचा विचार करा. बस, यापेक्षा खोलात जायची गरज नाही.

तिसरं काम: डब्यावरचा वॉटचा आकडा वाचायला शिका

नवखा माणूस इथेच फसतो, म्हणून जरा थांबू.

एएमडीच्या प्रोसेसरवर टीडीपी, म्हणजे कंपनीने ठरवलेला उष्णतेचा वॉटमधला आकडा, लिहिलेला असतो. ६५ वॉट लिहिलं म्हणजे तो ६५ वॉटवर थांबतो असं नाही. सॉकेटमधून (मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) जास्तीत जास्त किती घ्यायचं याची वेगळी मर्यादा असते, तिला पीपीटी म्हणतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर ती टीडीपीच्या साधारण १.३५ पट: ६५ ला ८८ वॉट, १०५ ला १४२, १२० ला १६२ आणि १७० ला २३०.

इंटेलच्या कागदावर दोन आकडे असतात, एक मूळ आणि एक टर्बोचा. कोअर आय-५ १२४००एफचे ६५ आणि ११७. आय-५ १४४००एफचे ६५ आणि १४८. आय-९ १४९००केचे १२५ आणि २५३. दुकानात जो आकडा सांगतात तो बहुधा पहिला. तुम्ही दुसरा विचारा.

पण हेही कमालीचे आकडे झाले. गेम सगळे कोअर पिळून काढत नाही. म्हणून एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डीवर १२० वॉट लिहिलेलं असलं तरी गेममध्ये तो बहुतेक वेळा ५० ते ८० वॉटमध्ये फिरतो, आणि त्याच गेममध्ये १४९००के शंभराच्या बराच वर जातो. पूर्ण ताकद लागते ती व्हिडिओ रेंडर करताना, किंवा माझ्यासारखी शेडर तयार होताना. यूपीएस निवडायचा तो कमाल आकड्यावर, खोलीचा विचार करायचा तो गेममधल्या आकड्यावर. दोन वेगळे हिशोब आहेत, मी पूर्वी दोन्ही एकच धरले होते.

नावामागची अक्षरंही बघा. इंटेलमध्ये के म्हणजे ओव्हरक्लॉकिंगला (ठरलेल्यापेक्षा वेग वाढवायला) मोकळा, बहुधा जास्त वॉटचा. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडलं तर पडदा काळा. टी म्हणजे ३५ वॉटचा, ऑफिसच्या छोट्या डब्यांसाठी. गेमिंगला घेऊ नका. एएमडीमध्ये एक्स म्हणजे जास्त वेगावर ताणलेला, जी म्हणजे आतलं ग्राफिक्स दमदार, आणि एक्स३डी म्हणजे जादा कॅश, प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी.

वेग ताणला की वीज का उडते, तेही कळून घ्या, कारण सातव्या कामात याचाच फायदा घ्यायचाय. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. आणि शेवटच्या काही टक्के वेगासाठी व्होल्टेज भसाभस वाढवावं लागतं. ट्रॅफिक नसलेल्या घोडबंदर रोडची कल्पना करा (जमत असेल तर): ८० च्या वेगाने गाडी जे अ‍ॅव्हरेज देते ते १२० ला देत नाही, आणि पोहोचता फार तर पाच मिनिटं आधी. आकड्यात सांगायचं तर तोच वेग ठेवून १.३ व्होल्टचं काम १.१ वर झालं, तर त्या भागाची वीज २८ टक्क्यांच्या आसपास कमी होते.

चौथं काम: नावं

किमती रोज हलतात, २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव तर चांगलेच भडकले, म्हणून रुपये लिहीत नाही. नुसता क्रम लावतो, तोही माझ्या मतानं.

पहिल्यांदा घेणाऱ्या बहुतेकांना मी रायझन ५ ७६०० सांगतो. जानेवारी २०२३ चा आहे, म्हणजे जुना म्हणता येईल. पण सहा कोअर, ६५ वॉट, कमाल ८८, डब्यात कूलर मिळतो आणि आत जुजबी ग्राफिक्स आहे. कार्ड दुरुस्तीला गेलं तरी कॉलेजचं काम अडत नाही. त्याचाच भाऊ ७६००एक्स १०५ वॉटचा. गेममध्ये फरक इतका थोडा की डोळ्याला दिसत नाही. भाच्याला ७६०० च घेतला. नवा हवा असेल तर ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला ९६००एक्स, तोही ६५ वॉटचा, पण कूलर वेगळा घ्यावा लागतो. एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही पाठबळ देऊ असं एएमडीने सांगितलंय, तेव्हा पुढे नुसता प्रोसेसर बदलायची सोय राहते.

बजेट त्याहून कमी असेल तर आय-५ १२४००एफ. जानेवारी २०२२ चा, सहा कोअर, डीडीआर४ रॅमवर चालणारे बोर्ड मिळतात, आणि रॅम महाग असताना हा मुद्दा छोटा नाही. पुढे वाढवायची वाट मात्र अरुंद.

घरात आधीच एएम४ बोर्ड असेल, म्हणजे जुना रायझन असेल, तर सगळं फेकू नका. बायोस (बोर्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५६०० बसवा. नशिबाने ५७००एक्स३डी कुठे मिळाला तर तो.

आता ज्याच्याबद्दल हात आवरता घेणं अवघड जातं तो: ७८००एक्स३डी, एप्रिल २०२३ चा, आणि त्यानंतर नोव्हेंबर २०२४ ला आलेला ९८००एक्स३डी. दोन्ही आठ कोअरचे, दोन्हींत ९६ एमबी एल३ कॅश. साध्या ७६०० मध्ये ती ३२ आहे. कॅश वाढल्याने वीज का वाचावी? स्वयंपाक करताना फोडणीला मोहरी लागली की मिसळणाच्या डब्यात हात घालायचा, की दर वेळी जांभळी नाक्याच्या बाजारात जाऊन यायचं? रॅम म्हणजे जांभळी नाका. तिथे जाण्यात वेळ जातो, वीज जाते, आणि तोवर गॅस चालूच. कॅश मोठी म्हणजे मिसळणाचा डबा मोठा. शिवाय ७८००एक्स३डीचा कमाल वेग ५ गिगाहर्ट्झवर आवरलेला आहे, त्यामुळे व्होल्टेजही आटोक्यात. वेगाच्या मागे न लागता गेममध्ये पुढे राहणारा प्रोसेसर. ९८००एक्स३डीत ती कॅश कोअरच्या वर न ठेवता खाली ठेवलीय, म्हणून उष्णता कूलरला सहज मिळते आणि वेग ५.२ पर्यंत नेता आला; अर्थात तो थोडी जास्त वीजही घेतो. छोट्या खोलीसाठी मला दोघांत आधीचाच आवडतो. पैसे मात्र दोघांनाही मोजावे लागतात, आणि १०८०पीवर साधं कार्ड लावणार असाल तर हे घेणं म्हणजे रिक्षाला विमानाचं इंजिन.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर जुन्या बाजारात स्वस्तात दिसतात. जपून. व्होल्टेज जास्त जाऊन त्यातले काही अस्थिर होतात हे इंटेलनेच २०२४ मध्ये मान्य केलं, मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. आधीच्या मालकाने अपडेट टाकले होते का, हे तुम्हाला कळायचं नाही. ऑक्टोबर २०२४ ची कोअर अल्ट्रा मालिका गेममध्ये आधीच्या पिढीपेक्षा वीज कमी घेते, पण सुरुवातीला ती काही गेममध्ये आधीच्या पिढीच्याच मागे पडली. रेंडरिंगचं कामही करत असाल तर बघा.

पाचवं काम: पीसी नुसता चालू किती वेळ असतो?

हे कोणी विचारत नाही. गेम चार तास, पण पीसी बारा तास चालू. डाउनलोड चालू, गाणी चालू, क्लासचा व्हिडिओ चालू. रिकाम्या वेळी गणित उलटतं. डेस्कटॉपचे बहुतेक रायझन दोन-तीन तुकड्यांचे बनलेले असतात आणि त्यातला इनपुट-आउटपुटचा तुकडा जागाच राहतो, त्यामुळे काही न करताही ते वीस-पंचवीस वॉट घेतात. इंटेलचे प्रोसेसर आणि रायझनची जी मालिका (८६००जी, ८७००जी) रिकाम्या वेळी त्याहून कमीवर बसतात. रोज दोनच तास खेळणारा आणि दिवसभर पीसी चालू ठेवणारा असाल तर १२४००एफ महिन्याच्या शेवटी ७८००एक्स३डीपेक्षाही कमी वीज खाल्लेला निघू शकतो.

किंवा पीसी स्लीपवर टाका. तेवढं केलं तरी पुरे.

सहावं काम: बाकीचा डबा

सगळ्यात जास्त वीज खाणारा भाग प्रोसेसर नाहीच, ग्राफिक्स कार्ड आहे. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट, ५०६० ला १४५, ४०७० ला २००, ५०७० ला २५०, ४०९० ला ४५०. प्रोसेसरमध्ये तीस वॉट वाचवून कार्डात दोनशे उधळले तर खोलीला काय फरक पडणार?

भाच्याचा हिशोब असा बसला: ७६०० गेममध्ये ६० धरला, ४०६० चे ११५, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५०. झाले २२५. एसएमपीएसमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून भिंतीतून २५५. मॉनिटरचे ३०. एकूण २८५. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटचा असतो (व्हीए म्हणजे वॉट नव्हे, डब्यावर दोन्ही शोधा), म्हणजे कसाबसा बसतो आणि गेम सेव्ह करून बंद करायला काही मिनिटं देतो. आम्ही १ केव्हीएचा घेतला. आणखी एक: चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतली वीज नीट, सारखी ओढणारं सर्किट) असतं, त्याचं स्वस्त यूपीएसच्या ओबडधोबड तरंगाशी नेहमी जमतंच असं नाही, वीज जाताच पीसी बंद पडतो. दुकानात बदलून मिळेल का ते आधी विचारून ठेवा.

एसएमपीएस ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ किंवा गोल्ड (कमी वीज वाया घालवण्याचे दर्जे). हजार वॉटचा घेऊ नका, काही मिळत नाही.

कूलरबद्दल एक स्थानिक सूचना. इंटरनेटवरच्या चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. आपल्याकडे मेमध्ये पंख्याखाली खोली ३३-३४ असते, म्हणजे तिथल्या प्रत्येक तापमानात दहा-बारा मिळवून वाचा. ७६०० च्या डब्यातला कूलर चालतो, पण उन्हाळ्यात आवाज करतो. १२० मिलीमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर घातला की प्रश्न मिटतो. ७८००एक्स३डीलाही तोच पुरतो, पाण्याचा कूलर नको. कॅबिनेटचं तोंड जाळीचं घ्या, काचेचं नको. घोडबंदर बाजूला राहत असाल तर मेट्रोच्या कामाची धूळ गृहीत धरून जाळी महिन्याला झटका.

सिडकोच्या जुन्या घरांत किंवा जुन्या चाळीवजा इमारतीत राहणाऱ्यांनी आधी अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष पीसीचा नाही.

खरेदी

ठाण्यात आणि वाशीत दुकानं आहेत, ऑनलाइन आहे, आणि एक रविवार सोडून लॅमिंग्टन रोड आहेच: दादरला बदला, स्लो पकडून ग्रँट रोड, उतरून चालत. तीन दुकानांत भाव विचारा, चौथ्यात घ्या. डबाबंदच घ्या, ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त मिळतो पण वॉरंटीचा घोळ होतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या. '७६००' आणि '७६००एक्स' मध्ये एका अक्षराचा फरक असतो. आणि "हा संपलाय, याच किमतीत त्याच्या वरचा देतो" असं कोणी म्हणालं, तर त्या 'वरच्या'चा वॉटचा दुसरा आकडा विचारल्याशिवाय हो म्हणू नका. माझं तिथेच चुकलं होतं.

सातवं काम: बायोसमधली दहा मिनिटं

आधी बायोस अपडेट. एएम५ वर हे ऐच्छिक समजू नका: २०२३ मध्ये काही एक्स३डी प्रोसेसर जास्त व्होल्टेजने जळाले, त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज) १.३ ची मर्यादा घातली, आणि ती नव्या बायोसमधूनच येते.

मग पीसी सुरू होताना डिलीट बटण दाबत राहा. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह शोधा, तिथे इको मोड, म्हणजे वॉटची मर्यादा खाली आणायची सोय, असतो. १०५ किंवा १२० वॉटचा प्रोसेसर ६५ वर आणा. याने ७७००एक्स जवळजवळ ७७०० होतो: रेंडरिंगला थोडा वेळ जास्त, गेममध्ये फरक शोधावा लागतो. म्हणून एक्सवाला स्वस्त मिळत असेल तर घ्या आणि इको लावा, तोही मार्ग आहे. भाच्याच्या ७६०० ला याची गरज पडली नसती, पण त्याला बटण दाबून बघायचंच होतं.

पुढची पायरी कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे त्याच वेगाला कमी व्होल्टेज देणं. ऑल कोअर, निगेटिव्ह, सुरुवात १० पासून. दोन-तीन दिवस वापरा. ठीक वाटलं तर १५, मग २०. इथे एक फसवी गोष्ट होते: जोरदार चाचणीत पीसी टिकतो आणि यूट्यूब बघताना अचानक रीस्टार्ट होतो. अस्थिरता हलक्या कामात जास्त दिसते. तसं झालं की पाच आकडे मागे या आणि पुन्हा हात लावू नका. इंटेलवर लाँग आणि शॉर्ट ड्युरेशन अशा दोन पॉवर लिमिट असतात. बोर्डाने त्या मोकळ्या सोडल्या असतील तर इंटेलच्या मूळ मर्यादेवर आणा, हवं तर त्याहून खाली.

बायोसबाहेरचं एक काम याहून जास्त वीज वाचवतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि गेम ४०० फ्रेम काढतोय, तर वरच्या अडीचशे पूर्ण दिसतही नाहीत आणि प्रोसेसर-कार्ड दोघं घाम गाळतात. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा १४१ ला लावा. स्पर्धात्मक खेळणारी पोरं यावर वाद घालतात, माऊसचा प्रतिसाद लवकर मिळतो म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण त्यांनी निदान लॉबीत तरी मर्यादा लावावी.

शेवटी: मोजा

एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात सीपीयू पॅकेज पॉवर ही ओळ बघायची. अर्धा तास नेहमीचा गेम खेळा आणि सरासरीचा रकाना वाचा, कमालीचा नको. भिंतीतून किती जातंय ते बघायला वीज मोजणारा १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग घ्या. नंतर तो गीझरलाही लावता येतो.

७६०० वर गेममध्ये साठच्या आसपास दिसलं तर सगळं जागेवर आहे. शेडर तयार होताना ८८ ला जाऊन टेकेल, तेही बरोबर. तापमान ऐंशीच्या घरात गेलं म्हणून घाबरू नका. ७६०० ला ९५ पर्यंत आणि ७८००एक्स३डीला ८९ पर्यंत चालतं, त्यापुढे तो स्वतःच वेग कमी करतो. आधी ६५ वर आणलेला प्रोसेसर एखाद्या दिवशी शंभराच्या वर दिसायला लागला तर बहुधा मधे बायोस अपडेट झालेला असतो आणि त्यात इको मोड उडालेला असतो. परत जाऊन लावा, आणि या वेळी सेटिंगच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.